एकशे एकवीस

पेन्सिलीची रेघ मारून सुजितने काटकोनी गुण्या बाजूला घेतला, तर नवी रेघ कुठे दिसेचना. डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा कळलं, की ती जुन्या रेघेवरच बसली आहे. मागच्या एप्रिलमध्ये त्यानेच मारलेल्या, शेजारी बारीक अक्षरात तारीख घातलेल्या रेघेवर. दोन्हींत अंतर असलंच तर मिलिमीटरभर. मधल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी असलेली दिव्या श्वास रोखून होती. टाचा टेकलेल्या, हनुवटी सरळ, त्याने शिकवली होती तशी. ओट्यापाशी मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या विजयश्रीने विचारलं, किती भरू? खोपोलीकडच्या मोठ्या पार्कचं बुकिंग चाललं होतं आणि त्यांना प्रत्येक मुलाची उंची हवी होती. धाकट्या अजिंक्यची भरून झाली होती, एकशे अकरा. सुजितने टेप धरला, वाचला, पुन्हा वाचला. एकशे बारा आणि वर पाच मिलिमीटर. "एकशे एकवीस," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. खोटं बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं, आकडा आपला तोंडातून निसटला. पार्कातल्या मोठ्या पाळण्यांना आणि पाण्याच्या उंच घसरगुंडीला एकशेवीसची अट होती, आणि ती अट गेले पंधरा दिवस घरात सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. दिव्याला आठ पूर्ण होऊन सहा महिने झाले होते. एकशेवीस तर असणारच, हे इतकं गृहीत होतं की मोजायचं ते केवळ बुकिंगवाल्यांनी विचारलं म्हणून. विजयश्रीने आकडा भरून टाकला. दिव्याने "खरंच?" एवढंच विचारलं, आणि त्याने तिच्या केसांवरून हात फिरवत "मग काय" म्हटलं. अजिंक्यने तिथल्या तिथे भोकाड पसरलं, कारण आता ताई वर बसणार आणि तो खाली आईचा हात धरून उभा राहणार. त्याची समजूत काढण्यातच सकाळ गेली.

दिवस गुरुवारचा होता. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं, पण चाकणच्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सुजितच्या घरातले सण, पाहुणे, केस कापणं, भांडणं, सगळं गुरुवारी. शाळा चालू असताना बाप घरात आणि पोरं वर्गात, पोरं घरात तर बाप मशीनवर, असा लपंडाव वर्षभर चालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र चौघांचे गुरुवार एकत्र येत, आणि यंदा त्यातला पुढचा गुरुवार पार्कसाठी ठरला होता. बरोबर संघर्षचं कुटुंब येणार होतं. संघर्ष हा सुजितच्याच कंपनीत, डिस्पॅचला. पिंपळे गुरवला राहायचा. त्याची बायको नीला आणि विजयश्री यांची रोज फोनवर मसलत चाले. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणतात, तर दशम्या ओल्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवायच्या की पर्समध्ये, यावर त्यांचा अर्धा तास सहज जाई. संघर्षची मुलगी योगिनी दिव्याच्याच वयाची, दोन महिन्यांनी लहानच. दोघींनी मोबाइलवर त्या मोठ्या पाळण्याचे व्हिडिओ पाहून कुठल्या डब्यात बसायचं तेही ठरवून ठेवलं होतं. योगिनी दिव्यापेक्षा जवळजवळ वीतभर उंच दिसायची. 'दिसायची' असंच सुजित आजवर मनात म्हणत आला होता, जणू तो नजरेचा दोष होता.

दुसऱ्या कुणाचं असतं तर टेप सरकला असेल, पोरगी वाकली असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. सुजितला ती सोय नव्हती. चौदा वर्षं तो मोजण्याचंच काम करत होता. ब्रेकला लागणारा एक बोटभर लांबीचा दांडा त्यांच्या लाइनवर तयार व्हायचा आणि तो पास की नापास हे सुजित सांगायचा. हातात एक गेज असायचं. त्याचं 'गो' तोंड दांड्यावर गेलं पाहिजे आणि दुसरं, 'नो-गो', जाता कामा नये, बस. मोजमापात माया-ममता नको, असं तो नव्या मुलांना शिकवायचा. घरीही त्याने मुलांची उंची कधी अंदाजपंचे घेतली नाही. डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ मारणारे लोक त्याला हसू आणत. पुस्तक तिरकं होतं. त्याने कंपनीत भंगारात निघालेला लहान गुण्या रीतसर परवानगी घेऊन घरी आणला होता, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये, सकाळी, तीन वेळा माप घेऊन मग एक रेघ मारायची, अशी त्याची पद्धत होती. एवढ्या निगुतीने घेतलेलं माप खोटं कसं म्हणायचं? आणि त्या चौकटीवर मागच्याच्या मागची रेघही होतीच. तिच्यात आणि मागच्या वर्षीच्या रेघेत दोन सेंटिमीटरसुद्धा नव्हते. ते त्याने मागच्या वर्षीच पाहिलं होतं.

हेच खरं दुखणं होतं. त्याने ते पाहिलं होतं आणि त्याच दिवशी धाराशिवला वडिलांना फोन लावला होता, सहज म्हणून. ज्योतीराम मास्तर फोनवर नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले होते, आपल्या घराण्यात उंची उशिरा येते, तू पंधराव्या वर्षी एकदम ताडासारखा वाढलास, आठवतं ना. त्याला आठवत होतं. नववीत चप्पल तीनदा बदलावी लागली होती. ते वाक्य त्याने धरून ठेवलं आणि वर्षभर पुरवलं. दिवाळीत एकदा मोजावं असं मनात आलं होतं, पण घराला रंग लागत होता, चौकटीला कागद लावले होते. कागद काढल्यावर मोजू असं म्हटलं, कागद निघाले, मोजायचं राहिलं. राहिलं कसलं, त्याने राहू दिलं. दिव्या संध्याकाळी लवकर पेंगते, एप्रिलच्या उकाड्यात पायावर चादर ओढून घेते, गाल भरल्यासारखे दिसतात, हे सगळं दिसत होतं. बाळसं आहे, विजयश्री म्हणाली होती, आणि त्याने हो म्हटलं होतं.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये, नाशिक फाटा ओलांडल्यावर, त्याने मोबाइलवर मुलांच्या उंचीविषयी काहीबाही वाचायला घेतलं. वाचता वाचता मोशी मागे पडली. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर तरी वाढलं पाहिजे. न वाढण्याची कारणं अनेक, पुष्कळांवर साधे उपचार असतात, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागतात. वाढीची वर्षं हातची गेली तर राहिलेली उंची भरून निघेलच असं नाही. 'वेळेवर' या शब्दापाशी त्याने मोबाइल खिशात टाकला. बस चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकली होती. एक वर्ष. आपल्या हाताने एक वर्ष. शेजारी बसलेला संघर्ष पार्कच्या गेटजवळ पार्किंग मिळतं का, सकाळी सातलाच निघायचं का, गाडी कुणाची काढायची, असं बोलत होता आणि सुजित हो हो म्हणत होता. मग संघर्ष म्हणाला, तिथे गेटवरच रंगीत पट्टी उभी केलेली असते भावा, पोरांना एकेक करून तिच्याखाली उभं करतात, आपल्या गेजसारखंच, गो नाहीतर नो-गो. त्याला गंमत वाटली होती.

त्या दिवशी लाइनवर त्याचे हात रोजच्यासारखे चालले, पण डोक्यात ती पट्टी उभी राहिली होती. रांग दिसत होती. पुढे योगिनी, ती सहज पलीकडे गेली. मग दिव्या. गणवेशातली कुणी मुलगी तिच्या खांद्याला धरून मागे घेते, हसून म्हणते, बाळा पुढच्या वर्षी हं. आणि दिव्या वळून कुणाकडे बघते? विजयश्रीकडे नाही, त्याच्याकडे बघते, कारण आकडा त्याने दिला होता. चार वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मॅनेजर येऊन उभा राहिला होता, गाडी भरायची आहे, केसभराचा फरक आहे, दे सही. सुजितने दिली नव्हती. अख्खा लॉट अडवून धरला होता, वरून फोन आले तरी. तेव्हापासून कंपनीत म्हणायचे, सुजित सही देत नाही राव. त्याला त्या बोलण्याचा मनातून फार अभिमान होता, तो किस्सा घरीही दोन-चारदा सांगून झाला होता. लोखंडाच्या दांड्यासाठी तो मॅनेजरला नडला होता. आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत कुणी मागितली नसताना सही देऊन बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठी भीती वाटली.

घरी आल्यावर सांगायचं असं ठरवून तो आला. विजयश्रीने दोघांचे पोहायचे कपडे आणले होते आणि ते पलंगावर मांडून ठेवले होते. दिव्या आपला निळा पोशाख अंगाला लावून लावून बघत होती. सांगायचं राहिलं. शनिवारी सांगू म्हटलं, तर शनिवारी संध्याकाळी आक्काबाई.

सुजित भाड्याने राहत होता ती रहाटणीतली तीन मजली इमारत भिमाजी आणि आक्काबाई या नवराबायकोची. पूर्वी तिथे त्यांची ज्वारी असायची, आता भाडेकरू होते. आक्काबाई उन्हं उतरली की जिन्याशेजारच्या कट्ट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेत. दिव्या आणि अजिंक्य हात धरून दुकानातून दही घेऊन आले, मागून सुजित. आक्काबाईंनी दोघांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "जुळी दिसत्यात की रं दोगं आता." सुजित हसला. मुलं वर गेल्यावर त्यांनी त्याला थांबवलं. "हसू नगंस. पोरगी वाढंना झालीया, माज्या ध्यानात आलंया. निजल्याली असताना कुनी तरी वलांडली असंल तिला. ज्यानं वलांडलं त्यानंच उलटं वलांडाया पायजे, न्हाई तर पोर तितल्या तितंच ऱ्हातंय." आतून भिमाजींचा आवाज आला, की शिकलेल्या माणसाला काय खुळ्यावानी सांगतीस. त्यावर आक्काबाईंनी, शिकल्यालं पाय काय येगळं असत्यात व्हय, म्हणून त्यांना गप्प केलं.

जिना चढताना सुजित त्या बोलण्याला मनातल्या मनात हसला आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं हसू गेलं होतं. कारण ओलांडलं होतंच. पुढची एक खोली आणि स्वयंपाकघर एवढं घर. पलंगावर तो आणि विजयश्री, खाली फरशीवर पलंग आणि मधलं दार यांच्यामध्ये मुलांची गादी. पहिली शिफ्ट असली की पहाटे उठून बाथरूमला जायचं तर मुलांवरून पाय टाकल्याशिवाय सरळ वाट नव्हती, कडेने जायचं तर भिंतीला घासत सरपटावं लागे. दाराच्या बाजूला दिव्या झोपायची. येताना तरी त्याच वाटेने येत होतो का? नाही, बाथरूमहून स्वयंपाकघरातच चहा घेऊन, कपडे करून, मागच्या दाराने थेट जिन्यावर. म्हणजे एकदाच ओलांडायचं, परत फिरायचं नाही. महिन्यातून एक आठवडा पहिली शिफ्ट, सहा दिवस, बारा महिने, सहा वर्षं. तो जेवताना हा हिशोब करत होता. डिप्लोमा झालेला, ऑडिटवाल्यांशी इंग्रजीत बोलणारा माणूस घास तोंडात धरून चारशेच्या पुढे मोजत होता. आपण वेडे आहोत हे त्याला कळत होतं, आणि तरी मोजणं थांबत नव्हतं, कारण या हिशोबात निदान काही करता येण्याजोगं होतं.

रविवारी पहाटे तो गजराआधी उठला. खिडकीतून फटफटायला लागलं होतं. विजयश्री आधीच उठून स्वयंपाकघरात होती, गॅसचा आवाज येत होता. त्याने नेहमीसारखा दिव्यावरून पाय टाकला, दारापाशी पोचला, थांबला. मग वळला नाही. पाठ तशीच ठेवून, चौकटीला एका हाताने धरून, उलटा पाय मागे टाकला. ती चादरीत मुटकुळं करून झोपली होती. पाय तिला लागू नये म्हणून तो गुडघ्यात वाकला, मग दुसरा पाय. पलंगापाशी आला. पुन्हा बाजूने, गादीच्या कडेकडेने सरपटत दारापाशी गेला, आणि पुन्हा उलटा. मोजत होता. सातव्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप होऊन तो एवढंच करू शकत होता, याचा त्याला भयंकर राग आला. मान वर केली, तर मधल्या दारात विजयश्री उभी होती. हातात चहाची गाळणी होती. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "आक्काबाईंनी मलाही सांगितलं होतं. पाडव्याला."

तो पलंगाच्या कडेवर बसला. आता थांबून उपयोग नव्हता. तो म्हणाला, विजू, मी खोटं सांगितलं, ती एकशेवीसच्या जवळपासही नाही. एकशे बारा आणि पाच मिलिमीटर आहे. मागच्या वर्षी तितकीच होती. त्याच्या आदल्या वर्षीही फारशी वाढली नव्हती, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. हे सगळं त्याने फरशीकडे बघत सांगितलं, जशी कंपनीत नापास मालाची यादी वाचून दाखवतात तसं, एकेक आकडा. ती रडेल, ओरडेल, तुम्ही एक वर्ष गप्प कसे बसलात म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," विजयश्री म्हणाली. "दोन वर्षं झाली, तिच्या शाळेच्या फ्रॉकची मुडप मी उसवली नाही. उसवायची गरजच लागली नाही. नीलानं विचारलं तर मी म्हणायची, मोठाच घेतला होता." तिने गाळणी ओट्यावर ठेवली आणि हात पदराला पुसले. "मोजायचं काम तुमचं. तुम्ही दर वर्षी एवढी नीट रेघ मारता, तुम्हाला दिसतच असेल. तुम्ही बोलत नाही म्हणजे काळजीचं काही नसेल, असं म्हणून मी झोपत होते. तुमच्या गप्प बसण्यावर मी वर्ष काढलं."

क्षणभर त्याला तिचाच संताप आला, मग तोही ओसरला. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर एकाच गोष्टीकडे पाठ फिरवली होती आणि मधल्या मध्ये पोरगी होती तिथेच राहिली होती. खाली रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबल्याचा आवाज आला. बसने दोनदा हॉर्न दिला. सुजित उठला नाही. विजयश्री म्हणाली, उद्या सोमवारी चिंचवडच्या मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी नंबर लावते, आणि त्या चौकटीवरच्या सगळ्या रेघांच्या तारखा एका कागदावर उतरवून घ्या. तो हो म्हणाला. नीलाला काय सांगायचं, गुरुवारचं काय करायचं, हे तिने विचारलं नाही. पोहायचे कपडे पलंगाच्या पायथ्याशी अजून तसेच पडले होते.

बस निघून गेली. मग खालून, चादरीतून, आवाज आला. दिव्या जागी होती. पहिल्यापासून होती की नंतर झाली, ते विचारायचं त्याला धाडस झालं नाही. तिने चादर नाकापर्यंत ओढलेली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, की शाळेत बाई दोन वर्षं तिलाच रांगेत पहिली उभी करतात, म्हणून एकशे एकवीस ऐकल्यावर तिला वाटलं पप्पांची काहीतरी चूक झाली. पप्पा कधी चुकत नाहीत म्हणून ती गप्प बसली. सुजित खाली गादीवर तिच्याजवळ बसला. पलीकडे अजिंक्य तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता, त्याचे पाय गादीबाहेर आले होते. दिव्याने त्या पायांकडे पाहिलं, मग सुजितकडे.

"पप्पा, हा माझ्या पुढे जाणार का?"

चौदा वर्षांत कुणी आकडा विचारला आणि सुजितने दिला नाही असं झालं नव्हतं. त्याने तिचा गार पाय चादरीवरून दोन्ही हातांत धरला. "मला माहीत नाही, बाळा," तो म्हणाला, आणि तिने मान हलवली.